नदीच्या दगडाखाली कोण राहते?

कान्हेरीची लेणी आपल्या मुंबईकर बांधवांना नवीन नाहीत. वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमा झाली, मुलांना दिवाळीची सुटी लागली, की डबे बांधून, धाकट्याला कडेवर घेऊन बोरिवली स्टेशनावर उतरणारी कुटुंबे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. चैत्यगृहात वंदना घ्यायची, पाण्याच्या पोढी पाहून भिक्खूंनी पावसाचे पाणी कातळात कसे साठवले याचे नवल करायचे आणि दुपारी ओढ्याकाठच्या सावलीत डबा सोडायचा, असा हा ठरलेला कार्यक्रम. त्या ओढ्याकडे मात्र आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. पाय बुडवायला थंडगार पाणी, एवढाच त्याचा आणि आमचा संबंध.

नोव्हेंबर २०२३ मधल्या एका रविवारी आम्ही आमच्या वस्तीतील अभ्यासवर्गाची वीस-बावीस मुले घेऊन तेथे गेलो होतो. जेवणे झाली आणि मुले पाण्यात उतरली. आठवीतल्या एका मुलीने पाण्यातला दगड उचलून उलटा केला आणि ओरडली, "काका, दगडाला काहीतरी चिकटलंय आणि ते पळतंय!" आम्ही वाकून पाहिले. तांदळाच्या दाण्याएवढा, चपटा, मातकट रंगाचा जीव. मागे केसासारख्या तीन शेपट्या. पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ पाकळ्या, त्या सारख्या थरथरत होत्या. आम्ही मोठ्या माणसाच्या रुबाबात सांगून टाकले, "झुरळाचं पिल्लू असेल." पोरगी म्हणाली, "काका, झुरळ पाण्याखाली राहील काय?" आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. गप्प बसलो.

इतक्यात उद्यानाचा एक रखवालदार आला. "दगड होता तसा ठेवा, जंगलातलं काही उचलायचं नाही," असे त्याने बजावले. त्याचे बरोबरच होते. राष्ट्रीय उद्यानातून दगड काय, किडासुद्धा नेता येत नाही. मुलीने दगड पुन्हा त्याच अंगावर ठेवला. पण परतीच्या वाटेवर तिने आम्हाला दुसरा प्रश्न विचारला आणि तो आजतागायत आमच्या डोक्यातून गेलेला नाही. ती म्हणाली, "काका, आपल्या घराच्या मागनं पण नदीच वाहते ना? मग हा किडा आपल्याकडे का नाही?"

आमची वस्ती दहिसर नदीच्या काठी आहे. लोक तिला नाला म्हणतात. तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरात उगम पावून ती याच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहत येते, शहरातून जाते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी लांबी सुमारे १२ किलोमीटर. म्हणजे लोकलची पाच-सहा स्टेशने. एवढ्याशा अंतरात असे काय घडते, की जंगलातला जीव आमच्या दारापर्यंत पोहोचत नाही? या एका प्रश्नापायी आम्ही वाचनालये पालथी घातली, कॉलेजातल्या प्राध्यापकांना भेटलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

पाण्याखालची चाळ

तो किडा म्हणजे मेफ्लाय नावाच्या माशीचे पोर. ही माशी आपल्या आयुष्याचा बहुतेक सगळा काळ पाण्याखाली पोरवयातच काढते. पंख फुटून बाहेर आली की तिला काही तासांचे, फार तर दोन-चार दिवसांचे आयुष्य. त्या काळात ती काही खात नाही, कारण तिला कामाचे तोंडच नसते. जोडी जमवायची, अंडी पाण्यात सोडायची आणि मरायचे. म्हणजे ज्याला आपण संसार म्हणतो तो तिचा सगळा दगडाखाली.

आणि ती तेथे एकटी नसते. पाठीचा कणा नसलेले किती जीव ओढ्यात राहतात याची आम्हाला कल्पनाच नव्हती. चतुर आणि टाचणी यांची पोरे, वाळूचे कण व पानांचे तुकडे आपल्या लाळेच्या रेशमाने जोडून स्वतःपुरते घर बांधणारी कॅडिस माशीची अळी, पैशासारखी गोल चपटी भुंग्याची अळी, पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे, गोगलगाई, शिंपले, जळवा, गांडुळाचे भाऊबंद, चिंगळ्या आणि खेकडे. आमच्या कोकणातल्या गावी पऱ्याला खेकडे आणि चिंगळ्या धरणे हा पावसाळ्यातला मोठा आधार होता. घरात कालवण करायला काही नसले की आमची आजी टोपली घेऊन पऱ्यावर जाई. कोणत्या दगडाखाली खेकडा असेल हे ती पाणी पाहून सांगत असे. शास्त्र शिकलेली नव्हती. पण वाहत्या पाण्यात कोठे काय राहते हे तिला पक्के ठाऊक होते.

वाहत्या पाण्यातला एक दगड म्हणजे एक चाळच समजा. वरच्या अंगाला पाण्याचा जोर. तेथे उजेड पडतो म्हणून शेवाळाचा पातळ थर धरतो आणि तो खरवडून खाणारे तेथे बिऱ्हाड करतात. दगडाला अगदी लागून असलेल्या पातळ थरात पाणी जवळजवळ थांबलेले असते, म्हणून चपट्या अंगाचा किडा तेथे वाहून न जाता टिकतो. त्या मुलीने पाहिलेल्या किड्याचे अंग चपटे का, याचे हे उत्तर. दगडाच्या कडेला कॅडिसच्या काही जाती कोळ्यासारखे जाळे लावून बसतात आणि वाहत येणारे अन्न गाळून घेतात. खालच्या अंगाला अंधार, तेथे लपणारे. आणि दगडाखालच्या वाळू-खड्यांच्या फटींत, नदीच्या तळाच्याही खाली, आणखी एक वस्ती असते. पूर आला, ऊन तापले, की वरचे जीव तेथे उतरतात. निरनिराळ्या आकाराचे दगड जितके जास्त, तितकी बिऱ्हाडे जास्त. नुसता गाळ असेल तर सगळ्या खोल्या बुजल्या असे समजावे. डोंगर फोडल्याची माती आणि बांधकामाचा राडारोडा यांनी पाणी विषारी होत नसले, तरी नदीची वस्ती उठते ती अशी.

खाण्याचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. जंगलातला ओढा सावलीत असतो. त्यात शेवाळ थोडे, म्हणून तेथला मुख्य शिधा काठच्या झाडांच्या पानांचा. उंबर, करंज यांची पाने पाण्यात पडतात, कुजतात, त्यांवर बुरशी चढते, मग ती कुरतडणारे येतात. थंड देशांत हे काम बरेचसे किड्यांच्या अळ्या करतात, आपल्यासारख्या उष्ण मुलखात खेकडे आणि चिंगळ्या त्याचा मोठा वाटा उचलतात. त्यांनी केलेला चुरा खालच्या अंगाला वाहत जातो आणि त्यावर दुसरे जगतात. नदी रुंद होते तसा उजेड वाढतो, शेवाळ वाढते, खाणारे बदलतात. उगमापासून मुखापर्यंत नदी ही अशी एकच साखळी आहे, ही मांडणी अमेरिकेतल्या व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली केली. तेव्हा काठचे झाड तोडणे म्हणजे खालच्या कित्येकांच्या तोंडचा घास काढणे होय.

आपल्या ओढ्यांना आणखी एक गोष्ट सोसावी लागते, जी विलायतेतल्या नद्यांना तितकीशी ठाऊक नाही. आपला पाऊस चार महिन्यांचा. जूनमध्ये लोंढा येतो आणि दगडांसकट सगळे धुऊन नेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवळते आणि वस्ती पुन्हा भरते. मार्च-एप्रिलात ओढ्याची डबकी होतात, मेमध्ये कोरडा कातळ. मग हे जीव जातात कोठे? खेकडा बिळात खोल जातो. गोगलगायीच्या काही जाती तोंडावर झाकण लावून चिखलात पडून राहतात. कोणी अंड्याच्या रूपाने वाट पाहतो, कोणी पंख फुटून उडून जातो. पावसाबरोबर आपल्याकडे चतुरांचे जे पिवळसर थवे दिसतात, त्यांतील एक जात ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात असावी, असे अभ्यासकांनी २००९ साली मांडले आहे. बोटभर किडा आणि केवढा प्रवास!

पाण्यातला श्वास

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. सर्वांत मोठे कारण प्राणवायू.

आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात, पाणी २० अंशांचे असेल तर, जेमतेम ९ मिलिग्रॅम मुरतो. पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात. म्हणजे पाण्यात राहणारा जीव आधीच काटकसरीत जगतो आणि मुंबईच्या उकाड्यात त्याचा पगार आणखी कापला जातो. मेफ्लायच्या पोराच्या बाजूच्या त्या थरथरणाऱ्या पाकळ्या म्हणजे त्याचे कल्ले. पाणी खळाळत दगडांवरून उड्या मारते तेव्हा त्यात हवा मिसळते, म्हणून त्याला खळाळ हवा. काठच्या झाडांची सावली गेली की पाणी तापते आणि प्राणवायू घटतो. नदीवरची झाडे तोडली तर पाण्यातला किडा का मरावा, हे आम्हाला तेव्हा समजले. स्टोनफ्लाय नावाची दुसरी एक माशी याहून नाजूक. तिला थंड आणि वाहते पाणीच लागते. सह्याद्रीच्या ओढ्यांत तिच्याही जाती आहेत.

नदीत सांडपाणी आले की काय होते? सांडपाण्यातली घाण खाण्यासाठी जिवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. स्नानाला योग्य नदीत ही मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावी आणि प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा आपल्या देशातील निकष आहे. शौचालय-मोरीच्या कच्च्या सांडपाण्याची मागणी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. आम्ही जमाखर्चाची माणसे म्हणून हिशेब केला. अडीचशे धरले, तर एक लिटर सांडपाणी तेहतीस लिटर स्वच्छ, कोमट पाण्यातला सगळा प्राणवायू गिळून बसते. पावसाळा संपल्यावर आमच्या नदीत स्वच्छ पाणी किती आणि सांडपाणी किती, हे काठावर राहणाऱ्याला सांगायला नको. जमा थोडी, खर्च अफाट. दिवाळे निघणारच.

मग नाल्यात काहीच जगत नाही काय? जगते. आणि हीच खरी मजेची गोष्ट आहे. काठाच्या काळ्या चिखलात लाल केसांसारखे किडे डोके खाली, शेपूट वर करून हलताना तुम्ही पाहिले असतील. माशांच्या दुकानात हे ट्युबिफेक्स म्हणून खाद्य म्हणून विकतात. लाल रंगाची एक अळीही असते, तीही तेथे मिळते. त्यांचा लाल रंग म्हणजे आपल्या रक्तात असते तसेच हिमोग्लोबिन. थोडासा प्राणवायूही ते धरून ठेवते. एक उंदराच्या शेपटीसारखी नळी असलेली अळी असते, ती नळी पाण्याबाहेर काढून वरची हवा ओढते. आणि एक आपल्या चांगल्या ओळखीची, डासाची अळी. तीही पृष्ठभागाला नळी लावून हवा घेते. पाण्यात प्राणवायू असला काय, नसला काय, तिचे अडत नाही. उलट तिला खाणारे चतुराचे पोर, पाण्यातले ढेकूण, लहान मासे हे सगळे गुदमरून मेलेले असतात. खाणारा गेला आणि खाणे मात्र मुबलक. मग ती वाढणार नाही तर काय?

येथे आमच्या माता-भगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण वस्तीत फार गैरसमज आहे. नाल्याच्या घाण पाण्यात वाढणारा डास मुख्यतः क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो तो, आणि हत्तीरोग पसरवतो तो. डेंग्यूचा डास नाल्यात वाढत नाही. तो घरातल्या पिंपात, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, छपरावरच्या टायरात साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईत मलेरिया पसरवणारा डासही विहिरी, टाक्या आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यातला. तेव्हा नाल्याकडे बोट दाखवून पिंप उघडे ठेवण्यात अर्थ नाही.

बाटली आणि खतावणी

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीने एका कार्यालयाकडे अर्ज केला होता. रात्री-अपरात्री पाण्याला भलताच वास येतो, रंग बदलतो, तपासणी करा. अनेक खेटे घातल्यावर एक गृहस्थ बाटली घेऊन आले. नेमके ते आले ते दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर. बाटली भरून घेऊन गेले. उत्तर आले की विशेष काही आढळले नाही. त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. बाटलीत जे होते तेच त्यांनी लिहिले. पण त्या बाटलीवर आमची तक्रार निकालात निघाली, याचे शल्य राहिले.

पुढे हा विषय वाचताना आम्हाला त्या बाटलीची चूक कळली. बाटलीतले पाणी म्हणजे त्या क्षणीची रोकड शिल्लक. काल गल्ल्यातून कोणी पैसे काढले, परवा कोणी खोटी नोट टाकली, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कीर्द-खतावणी पाहावी लागते. दगडाखालचे जीव ही नदीची खतावणी. ते कित्येक आठवडे, काही महिने तेथेच राहतात, माशासारखे पळून जाऊ शकत नाहीत. एखाद्या रात्री विष सोडले गेले तर सकाळी पाणी स्वच्छ दिसेल, पण दगडाखालचे बिऱ्हाड रिकामे झालेले असेल आणि ते रातोरात पुन्हा भरता येत नाही.

ही काही आमची कल्पना नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातच, कोणत्या घाणीत कोणता जीव राहतो याच्या याद्या केल्या. ब्रिटनमध्ये १९७६ साली एक कार्यगट नेमला गेला आणि त्यातून गुणांची पद्धत निघाली. किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. दगडाला चिकटणाऱ्या त्या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, चतुराला ८, जाळे विणणाऱ्या कॅडिसला ५, जळवा आणि बहुतेक साध्या गोगलगाईंना ३, लाल अळीच्या कुळाला २ आणि चिखलातल्या गांडूळवर्गाला १. सापडलेल्या कुळांचे गुण मिळवायचे. शाळेच्या निकालपत्राइतके सोपे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही यमुनेवरच्या अभ्यासानंतर अशीच पद्धत आपल्या नद्यांसाठी बसवली आहे. तीत स्वच्छ पाण्याला 'अ' आणि अत्यंत दूषित पाण्याला 'इ' असे पाच वर्ग आहेत. आहे, पण सामान्य माणसाच्या कानावर ती कधी आली? आमच्या तरी आली नव्हती.

ही पद्धत सामान्य माणसाच्या हातात आली तर काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. थेम्सला मिळणारी केनेट नावाची नदी आहे. तिच्या काठची साधी माणसे दर महिन्याला पाण्यात उतरून, तळ पायाने ढवळून, जाळीत येणारे किडे मोजतात. जुलै २०१३ मध्ये मार्लबरो गावाखाली त्यांच्या जाळीत किडे आलेच नाहीत. पाणी नितळ होते, मासे पोहत होते. त्यांनी कळवले, तपास झाला. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाणी केंद्रातून नदीत आले होते आणि सुमारे १५ किलोमीटरपर्यंत पाण्यातले किडे आणि चिंगळीसारखे जीव मेले होते. हे औषध आपल्याला परके नाही. शेतात फवारतात, घरात वाळवीसाठी मारतात, आणि उरलेले डबे धुऊन पाणी मोरीत ओततात. ती मोरी पुढे कोठे जाते?

नदी घाण झाली की पहिले बोट झोपडपट्टीकडे जाते, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे. वस्तीच्या शौचालयांचे पाणी नदीत जाते, हे आम्ही नाकारत नाही. मलवाहिनीच आली नाही तर ते दुसरीकडे कोठे जाणार? कचऱ्याच्या पिशव्या पुलावरून भिरकावणारे आमच्यातही आहेत आणि त्यांना आम्ही तोंडावर बोलतो. पण तबेल्यांचे शेण, वर्कशॉपचे तेल, मोठ्या इमारतींच्या चुकीच्या जोडण्या हे सगळे एकाच पाण्यात मिसळते आणि बिल मात्र एकाच्याच नावावर फाडले जाते. किडे मोजण्याचा आम्हाला दिसलेला उपयोग हा. प्रत्येक नळाच्या तोंडाच्या वर आणि खाली काय राहते ते पाहिले, तर कोठून काय बिघडले याची नोंद राहते. अर्जाला जोडता येते.

काँक्रीटचा तळ

२६ जुलै २००५ च्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री छातीभर पाण्यात उभे राहून आम्ही शेजाऱ्यांची पोरे पोटमाळ्यावर चढवली आहेत. त्यामुळे पुराची भीती काय असते हे आम्हाला कोणी शिकवू नये. त्यानंतर मुंबईच्या नद्यांना भिंती बांधल्या गेल्या, काही ठिकाणी तळही काँक्रीटचा झाला. भिंतीची गरज आम्हाला पटते. तळाच्या काँक्रीटचे मात्र आता मन मानत नाही. दगड गेले, फटी गेल्या, खालची ती दडण्याची वस्ती गेली. काठची झाडे गेली म्हणजे पाने गेली आणि सावलीही गेली. त्या सपाट गटारात उद्या अगदी शुद्ध पाणी सोडले तरी मेफ्लायने चिकटावे कशाला?

दुसरी एक गंमत सांगतो. मेफ्लायची मादी अंडी घालायला पाणी ओळखते ते त्यावरून उसळणाऱ्या विशिष्ट प्रकाशावरून. डांबरी रस्ता तसाच चमकतो. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवून दिले, की ओढ्याशेजारच्या डांबरी रस्त्याला पाणी समजून या माश्या त्यावर अंडी घालतात आणि ती वाळून जातात. माणूसच नव्हे, किडाही डांबरी रस्त्याला भुलतो!

मात्र नदी एकदा मेली की मेली, असे शास्त्र म्हणत नाही, आणि आम्हाला धीर आला तो या गोष्टीने. वरच्या स्वच्छ ओढ्यातून रोज रात्री असंख्य लहान जीव प्रवाहाबरोबर खाली वाहत येत असतात. पंख फुटलेल्या माद्या उडून वर-खाली जातात. म्हणजे बियाणे येतच आहे, ते रुजण्यापुरता प्राणवायू आणि दोन दगड मिळाले की पुरे. आपल्या नदीच्या डोक्यावर शंभर चौरस किलोमीटरचे जंगल आहे. असे भाग्य किती शहरांच्या नद्यांना असते?

गेल्या पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन आम्ही दोन ठिकाणी नोंद केली. उद्यानात परवानगी विचारून, काहीही न उचलता, नितळ पाण्यात वाकून जेवढे दिसले तेवढे लिहिले. तरी वहीचे एक पान भरले. वस्तीजवळ मात्र तीन ओळी झाल्या. लाल किडे, डासाच्या अळ्या, एका जातीची गोगलगाय. खालच्या जागी आम्ही मुलांना पाण्यात उतरू दिले नाही. लांब काठीला चहाची जुनी गाळणी बांधली, मोठ्यांनी हातमोजे घालून चिखल काढला आणि पांढऱ्या थाळीत पसरला. नंतर साबणाने हात धुतले. लेप्टो कोणाला सांगून येत नाही. ज्यांना आपापल्या वस्तीत करून पाहायचे असेल त्यांनी एवढी काळजी अवश्य घ्यावी. तारीख, जागा, पाऊस कधी पडला होता आणि काय काय दिसले, एवढे लिहिले की झाले. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे.

वही आता त्या मुलीकडे आहे. ती यंदा दहावीला आहे, तरी सोडत नाही. मागच्या महिन्यात तिने तिसरी जागा सुचवली, उद्यानाच्या फाटकाच्या किंचित खाली, जेथे पहिला नळ नदीत पडतो तेथे. नळाच्या वर चतुराचे पोर दिसले. नळाच्या खाली पंचवीस पावलांवर नाही. तिने दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या पानांवर लिहून ठेवल्या आहेत आणि खाली आम्हाला सही करायला लावली आहे.